अकरा पायऱ्यांचं घर

आमच्या घराला अकरा पायऱ्या आहेत. देवळाला असत्या तर कोणी काही म्हटलं नसतं. पण नालवाडीच्या एका लेआऊटमधला तीस बाय पन्नासचा प्लॉट, त्यावर राहणारे आम्ही दोन म्हातारे आणि एक फ्रीज, मग अकरा पायऱ्या कशाला, असं येणारा-जाणारा विचारतोच. कुरिअरवाला तर खालूनच ओरडतो, "काकू, वर येऊ का तुमी खाली येता?" मी म्हणते, "फेक." तो फेकतो. खोकल्याच्या औषधाची एक बाटली अशीच गेली.

या पायऱ्यांचे जनक म्हणजे आमचे हे. हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. सगळी नोकरी कालव्यांचे उतार मोजण्यात गेली, त्यामुळे जगातली कोणतीच वस्तू यांना सपाट दिसत नाही. जेवायला बसले की ताटातलं वरण कोणत्या बाजूला सरकतं ते आधी बघतात, मग टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारतात आणि मगच पहिला घास घेतात. मी शाळेत मराठी शिकवायची. म्हणून लिहिताना "मला" लिहिते. बोलताना मात्र "मले"च येतं, आणि राग आला की लिहितानाही येईल, तेवढं सांभाळून घ्या.

आमचं पहिलं घर साधं होतं. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, पुढे ओटा. ओट्याची उंची दीड फूट. ती कोणी विचार करून ठरवली नव्हती. मिस्त्रीच्या साळ्याचं लग्न होतं आणि विटाही संपत आल्या होत्या, म्हणून त्यानं आहे तिथेच वरून शहाबादी फर्शी बसवली आणि तो लग्नाला निघून गेला. यांनी परत आल्यावर त्याला पुष्कळ बोल लावले. पण मी सांगते, आमच्या उभ्या आयुष्यात कुठली गोष्ट बरोबर मापाची झाली असेल तर तो ओटा. माणूस रस्त्यानं आला, वळला आणि टेकला. चप्पल काढायची नाही, बेल वाजवायची नाही, कोणी "या" म्हणायची वाट पाहायची नाही. पाय रस्त्यावर आणि बूड आमच्या घरी.

घराचं तोंड पूर्वेला. त्यामुळे दुपारी चारच्या पुढे ओट्यावर गच्च सावली असे, आणि वर्ध्याच्या उन्हाळ्यात चार वाजताची सावली म्हणजे काय, हे बाहेरगावच्या माणसाला सांगून कळत नाही. मग सावली पाहून लोक बसत. भाजीवाली टोपली टेकवून पाणी पिई. शेजारची सून गव्हातले खडे वेचायला इथेच येई, कारण तिच्या घरात सासू होती. आणि रोज साडेचारला, न चुकता, मावशी.

मावशी म्हणजे आमच्या अगदी समोरच्या घरातली. ती सेवाग्रामच्या दवाखान्यात आया होती, आणि दवाखान्यात आयाला सगळे मावशीच म्हणतात. डॉक्टर म्हणतात, पेशंट म्हणतात, पेशंटचा आजाही म्हणतो. तेच नाव ती ऑटोत बसवून घरी घेऊन आली आणि आख्ख्या गल्लीची मावशी झाली. माझ्याहून दीड वर्षानं लहान, पण मीही तिला मावशीच म्हणते. ती मला बाई म्हणते. घरची गोंड, फोनवर बहिणीशी गोंडीत बोलायची. त्या बोलण्यात मधूनच "बाई" असा शब्द यायचा आणि ती खुदखुदायची.

"काय सांगून राह्यली व माह्याबद्दल?" मी विचारायची.

"चांगलंच सांगून राह्यली," ती म्हणायची, आणि अजून जोरात हसायची. तीस वर्षांत मला त्यापलीकडे गोंडी आली नाही.

ड्युटीवरून आली की ऑटोतून उतरून ती आधी आमच्या ओट्यावर टेके. तिच्या घराचं तोंड पश्चिमेला, चार ते सात ऊन सरळ तिच्या दारातून आत शिरायचं. म्हणून चहा आमच्याकडे. दोन कप, कपाला कान नसला तरी चाले. त्या दिवशी किती बाळंतिणी झाल्या, कोणाला जुळी झाली, कोणत्या नवऱ्यानं बाहेर बाकावर झोपा काढल्या, हे ती सांगणार. पोरांनी निबंधात काय काय लिहिलं ते मी सांगणार. तिच्या लेकीनं पहिला "ग" माझ्या त्याच ओट्यावर खडूनं गिरवला. उलटा गिरवला आणि तो उलटाच चार दिवस राहिला, कारण मावशीनं कोणाला पुसू दिला नाही.

मग रस्ता वाढायला लागला.

रस्ता रुंदीनं वाढला असता तर ठीक होतं. आमचा रस्ता उंचीनं वाढे. आधी मुरमाचा होता, त्यावर डांबराचा आला, त्यावर सिमेंटचा, मग त्या सिमेंटवर अजून सिमेंट. जुना उकरून काढावा असं कोणाच्या मनातही येत नसे. घरं तिथंच राहिली आणि रस्ता वर वर चालला. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या शेठचं दुकान पूर्वी दोन पायऱ्या वर होतं. मग ते बरोबरीला आलं, मग खाली गेलं. शेवटी शेवटी गिऱ्हाईक वाकून साखर मागे, आणि शेठला गिऱ्हाइकांचे चेहरे कमी आणि गुडघे जास्त ओळखू येत. एका लग्नात मी समोर उभी राहिले तर त्यानं ओळखच दिली नाही.

आमचे हे या सगळ्याची नोंद ठेवत होते. समोरच्या विजेच्या खांबावर यांनी लाल ऑइलपेंटनं रस्त्याची पातळी लिहायला सुरुवात केली. रस्ता झाला की हे डबा आणि ब्रश घेऊन निघाले. पोरांची उंची लोक दाराच्या चौकटीवर लिहितात, आमच्याकडे रस्त्याची उंची खांबावर. पोरगा वाढायचा थांबला, रस्ता थांबेना.

एका ऑगस्टमध्ये नालीचं पाणी ओटा ओलांडून बैठकीत आलं. फार नाही, चार बोटं. पण त्यात चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा भिजला आणि यांच्यातला ओव्हरसिअर खडबडून उठला. हे रस्त्यात जाऊन उभे राहिले, छातीच्या जरा खाली हात आडवा धरला आणि मला म्हणाले, "दर इलेक्शनले रस्ता सहा इंच वाढते. मी नव्वद वर्साचा होईन तवा रस्ता इथं राहीन. आपलं जोतं साडेचार फूट."

"नव्वद वर्साचे झाल्यावर चढान कसे?" मी विचारलं.

"तवा चढाच लागनार नाई. रस्ता बरोबरीले येईन ना!"

हिशेब चोख होता, यात काही शंका नाही.

आम्ही दोघंही निवृत्त झाल्यावर जुनं घर पाडलं. बंगलोरच्या मुलानं फोनवर एलिव्हेशनचं चित्र पाठवलं. करड्या भिंती, काचेचं रेलिंग, मधे लाकडासारख्या पट्ट्या. चित्रात घरासमोर एक परदेशी झाड होतं आणि एक बाई कुत्रं फिरवत होती. रस्ता नव्हता, नाली नव्हती, शेजारी तर नव्हतेच. मी चष्मा लावून, चित्र मोठं करून पाहिलं. ओटाही नव्हता.

"अहो, ओटा ठेवा ना," मी म्हटलं.

"ओटा कायले? धूळ बसते, कुत्रे बसते. वर सिट-आऊट देऊन राह्यलो ना तुले. झोपाळा टांगून देतो. बस झुलत."

"अन् मावशी?"

"मावशीले बी झुलू दे. मी नाई म्हनतो काय?"

खरं सांगायचं तर मलाही तेव्हा नव्या घराची हौस होती. चकचकीत ओटा असलेलं स्वयंपाकघर, ओढता येणारे ड्रॉवर, बैठकीत तो इंग्रजी एलच्या आकाराचा सोफा. दोष सगळा यांच्यावर टाकणं बरं वाटतं, पण सोफा मी निवडला होता.

तर घर झालं. नऊ पायऱ्या, काळ्या ग्रॅनाइटच्या. वास्तुशांतीला सगळी गल्ली आली. मावशीनं चप्पल खाली रस्त्यावरच काढली. हे वरून म्हणाले, "मावशी, चप्पल वर आना ना." ती म्हणाली, "राहू द्या भाऊ, लईच चकचकीत दिसून राह्यलं." एक हात गुडघ्यावर, एक हात रेलिंगवर ठेवून ती चढली. आत आली आणि सोफ्याच्या अगदी काठावर बसली, दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहणारे बसतात तशी. मी सरबत दिलं. तिनं ग्लास दोन्ही हातांनी धरून संपवला, स्वतः उठून स्वयंपाकघरात ठेवला आणि म्हणाली, "मस्त झालं बाई घर." त्यानंतर ती चार-पाच वेळा आली असेल. दर वेळी वेगळी, धुतलेली साडी. झोपाळ्यावर एकदा बसली, पण पाय टेकेनात म्हणून लगेच उतरली.

आमचं पाहून गल्लीला चेव चढला. शेजाऱ्यांनी पाच फूट जोतं घेतलं. त्यांच्या पलीकडच्यांनी साडेपाच. गाडी वर चढवायला प्रत्येकानं सिमेंटचे उतार रस्त्यात काढले, त्यामुळे रस्त्याच्या कडेनं चालायचं म्हणजे दर दहा पावलांवर एक टेकडी. प्रत्येकाला चॅनल गेट, प्रत्येक गेटला कुलूप. दोन वर्षांत आमच्या ओळीत एक ओटा उरला नाही. भाजीवाली आता टोपली कुठे टेकवते विचाराल, तर कोणाच्या तरी गाडीच्या बॉनेटवर, मालक पाहत नसेल तेव्हा.

आणि मग, सगळी गल्ली अशी आभाळाला टेकल्यावर, रस्त्याचं नवं काम निघालं. या खेपेला ठेकेदार कोण जाणे कुठला होता. त्यानं नवा रस्ता करायच्या आधी जुना उकरायला घेतला! थर निघाला, त्याखालचा निघाला, त्याच्याही खालचा निघाला. हे धावत खाली गेले.

"अरे बापा, उकरता काऊन? वरूनच टाका ना!"

तो म्हणाला, "काका, उकरून करायचा नियम आहे."

"नियम आहे थे मले बी माहीत आहे! आजपर्यंत पाळला कोनं?"

चांगलं काम होतंय म्हणून भांडायला गेलेला जिल्ह्यातला हा पहिलाच नागरिक असावा. रस्ता झाला, तो पूर्वीपेक्षा एक फूट खाली. आमची शेवटची पायरी अधांतरी लोंबायला लागली. चार दिवस मी तिथे प्लास्टिकचं स्टूल ठेवून उतरले. मग नालीवर स्लॅब टाकून अजून दोन पायऱ्या केल्या, आणि आम्ही अकरा पायऱ्यांचे धनी झालो. कोपऱ्यावरच्या शेठचं दुकान मात्र पुन्हा रस्त्याच्या बरोबरीला आलं. त्यानं पेढे वाटले. आमच्या घरी जरा जास्तच दिले, असं मला वाटलं. यांनी खांबाकडे पुन्हा पाहिलं नाही.

इथपर्यंत सगळं हसण्यासारखंच आहे. मीही हसले. पण मावशी यायची थांबली होती.

तीही तोवर निवृत्त झाली होती. संध्याकाळी ती तिच्या दारात दिसे, मी वर काचेच्या रेलिंगला. "बाई, जेवण झालं काय?" ती खालून ओरडायची. "झालं व, तुय?" "झालं." बस. तीस वर्षांचं बोलणं एवढ्यावर आलं. ओरडून काय काय सांगणार? डोळ्याला मोतीबिंदू आलाय हे एकवेळ ओरडून सांगता येतं. सुनेनं फोन उचलला नाही, हे नाही सांगता येत. आमच्या यांना रात्री घाबरल्यासारखं होतं, पण डॉक्टरकडे चला म्हटलं की अंगावर येतात, हे तर अजिबातच नाही. यातलं काहीही मी दुसऱ्या कोणाला सांगितलं नसतं. दिवसभर मनात ते साठायचं, आणि साडेचार वाजले की मी उगाच दोन कप काढून एक परत ठेवायची.

मग एक दिवस भाजीवाली पायऱ्यांखालून गवार मोजता मोजता म्हणाली, "मावशीले नात झाली ना. पोरगी हिंगणघाटले बाळंत झाली. पंधरा दिवस झाले की."

जिनं माझ्या ओट्यावर उलटा "ग" काढला, तिला लेक झाली, आणि मले गवारीसोबत कळलं. मी गवार तिथेच पायरीवर ठेवली आणि आत येऊन रडले. खूप रडले, आता लपवायचं कशाला. ती रुसली, हे नक्की झालं. कशावरून रुसली ते काही कळेना.

संध्याकाळी मी यांना म्हटलं, "मले माही मावशी परत पाह्यजे. नाई तं हे घर तुमचं तुमी ठेवा."

"म्या काय केलं?"

"अकरा पायऱ्या केल्या! तिचे गुडघे पाह्यले काय कधी?"

"आता गिरडच्या टेकडीवर म्हातारे मानसं चढत नाई काय?"

"थे नवस फेडाले चढते! तुमच्याकडे कप-भर चहा प्याचा म्हून कोन टेकडी चढन?"

आणि मी संध्याकाळचा चहा बंद केला. दोघांचाही. यांना पेन्शन बंद झाली तर चालेल, पण साडेचारचा चहा बंद झाला तर चालत नाही. दोन दिवस यांनी शेजारी जाऊन पाहिलं, पण शेजारी पाच फूट जोत्यावर होते. तिसऱ्या दिवशी टेबलावर मोठा कागद पसरलेला दिसला. यांनी पट्टी-पेन्सिल काढली होती.

"पायऱ्या नकोत ना? बरं. रॅम्प करू. पन कायद्यानं करू. एकास बारा उतार. साडेपाच फूट चढायचं म्हंजे सहासष्ट फूट रॅम्प."

"समोर जागा आहे दहा फूट."

"म्हून तं कागद काढला," हे म्हणाले. कित्येक महिन्यांत यांच्या तोंडावर असा आनंद पाहिला नव्हता.

दोन महिने काम चाललं. रॅम्प फाटकापासून निघाला, घराच्या उत्तर बाजूनं भिंतीला धरून मागे गेला, पेरूच्या झाडाला वळसा घालून धुण्याच्या मोरीपाशी वळला आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दारात येऊन टेकला. वाटेत बाजूच्या खिडकीतला कूलर आडवा आला, म्हणून तो दोन फूट वर चढवला. त्या उन्हाळ्यात कूलरची सगळी गार हवा छताला लागली आणि आम्ही खाली उकडून निघालो, पण तक्रार करायचं तोंड मला नव्हतं. एकाला एक जोडून पाइपाचं रेलिंग लावलं. शेवटी हे पाण्यानं काठोकाठ भरलेला ग्लास घेऊन आख्खा रॅम्प चढून आले आणि माझ्यासमोर ग्लास धरला. थेंब सांडला नव्हता. मला हसू आलं आणि थोडं भरूनही आलं. या माणसाला "चुकलं माझं" म्हणता येत नाही, त्याच्याऐवजी तो सहासष्ट फूट सिमेंट ओततो.

बोलवायला हे स्वतःच गेले. मावशी आली. पाइपाला धरून सावकाश निघाली, मागून हे, एखादा पाहुणा मंत्री असावा तसे. पेरूपाशी जरा थांबली, वर पाहून म्हणाली, "पेरू लागले बाई यंदा." मागच्या दारातून आत आली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली.

"भाऊ, लई बेस केलं," ती यांना म्हणाली. "आमच्या दवाखान्यात स्ट्रेचर नेतात ना, एकदम तसंच."

यांनी ते कौतुक म्हणून घेतलं. आम्ही चहा प्यायलो. तिनं फोनवर नातीचा फोटो दाखवला, लाल टोपडं, मिटलेल्या मुठी. मी विचारलं, "मले सांगितलं काऊन नाई?" ती म्हणाली, "सांगनारच होती," आणि कप विसळायला उठली. जाताना मी म्हटलं, "उद्या येजो." ती "हौ" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. यांनी विचारलं, "उतार जास्त झाला काय? एकास पंधरा करून पाहू?" मग म्हणाले, "लाइट लावू?" मग म्हणाले, "मधात एखादा बाक?" पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं. एवढा आटापिटा केला, माणसानं दोन महिने उन्हात उभं राहून काम करून घेतलं, आणि हिचा रुसवा काही निघत नाही! काय असेल ते आज तोंडावर विचारू, म्हणून मी कपाट उघडून चांगली साडी काढली, ती नेसले, अकरा पायऱ्या उतरले आणि रस्ता ओलांडला. तीस फुटांचा रस्ता. बोलायचं काय ते मनात पक्कं करत गेले.

तिच्या दारात ओली चादर टांगलेली होती, उन्हासाठी. आणि मी तिथे थबकले. हाक कशी मारायची ते समजेना. इतकी वर्षं ती दिसायची तेव्हा आधी तीच बोलायची. दार वाजवावं तर दार उघडंच, मधे फक्त चादर. शेवटी मी घसा खाकरला.

चादर बाजूला झाली. मला पाहून मावशी घाबरली. "काय झालं? भाऊ बरे आहे ना?"

"बरे आहे," मी म्हटलं. आत गेले आणि उभ्या उभ्याच सुरुवात केली, कारण थांबले असते तर सगळं विसरले असते. "रुसली काय व मावशी? तुयासाठी रॅम्प केला. यायनं दोन महिने डोकं लावलं त्याच्यात. एक दिवस आली अन् मंग नाई. काऊन? माहं काई चुकलं असन तं तोंडावर सांग."

मावशी हसली, तीच ती गोंडी फोनवरची खुदखुद.

"रुसन कायले बाई? मी तुमच्या घरी कधी येत होती?"

"म्हंजे? रोज तं येत होती."

"ओट्यावर येत होती. डुटीवरून आली, टेकली, उठली. घरी नव्हती येत." ती सांगत होती आणि हातानं पलंगावरचे कपडे गोळा करत होती. "घरी याचं म्हटलं तं साडी बदलाव लागते. भाऊ झोपले असन काय थे पाहाव लागते. रिकाम्या हातानं कसं जाव, असं वाटते. थे रोज रोज नाई जमत बाई."

मी अंगावरच्या साडीकडे पाहिलं. इस्त्रीच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

"मंग सांगायचं ना तसं," मी म्हटलं. आवाजातला जोर गेला होता.

"कसं सांगू? रस्त्यातून वरडून?"

"अन् नात? थे बी नाई सांगितलं."

आता ती थांबली. कपडे तसेच छातीशी धरून म्हणाली, "वाट पाहून राह्यली होती. रोज तुमी वर उभ्या दिसत होत्या. म्हटलं, आज उतरन बाई, उद्या उतरन. उतरल्या की सांगू, हातात फोटो देऊन सांगू. मले चढाचं होतं बाई, माहे गुडघे गेले. तुमाले तं उतराचंच होतं."

दोन महिने तिनं वर कसं यावं याचा विचार आम्ही केला, कागद पसरले, उतार काढले, पेरूला वळसा घातला. मी खाली जावं हे त्या कागदावर कुठेच नव्हतं, आणि माझ्या मनातही नव्हतं. ऊन तिच्या दारातून आत येत होतं हे खरं, पण भिंतीच्या कडेनं दोन माणसं बसतील एवढी सावली होती. ती तिथं आधीपासूनच असणार.

मावशीनं कपडे कोपऱ्यात टाकले. आतून एक खुर्ची आणली, पदरानं पुसली, एकदा नाही, दोनदा. ती सावलीत ठेवली आणि मी अजून उभीच आहे हे पाहून माझा हात धरला.

"बसा ना बाई," ती म्हणाली. "पोरीच्या लग्नाले आल्या, आमच्या बुढ्याच्या तेरवीले आल्या, थे येगळं. अशा नुसत्या तं पयल्यांदाच आल्या."